सेन्सरचा अलर्ट रोज येतो, रोज जातो: ये रे माझ्या मागल्या

दुपारी २ वाजून १० मिनिटांनी मॉनिटरिंगच्या साधनाचा, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अलर्ट: नेटवर्क स्विचचं तापमान ४८ अंश, मर्यादा ४७. २ वाजून २५ मिनिटांनी दुसरा मेसेज: तापमान पूर्ववत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी उठून नेटवर्क रूमपर्यंत जायचं आणि सगळे दिवे हिरवे बघून परत यायचं. दुसऱ्या आठवड्यात जाणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात त्या स्विचचे सगळेच्या सगळे सेन्सर म्यूट झाले. रोज मरे त्याला कोण रडे.

म्यूट मीच केलं होतं, म्हणून या दुखण्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय.

लिंक, म्हणजे दोन यंत्रांमधली जोडणी, डाऊन झाली की ती डाऊन असते, त्यात वाद नसतो. सेन्सरचं तसं नाही. तिथे एक आकडा असतो, कुणीतरी कधीतरी घातलेली एक मर्यादा असते, आणि अलर्ट म्हणजे त्या दोघांचं भांडण. त्यामुळे येऊन-जाऊन करणारा अलर्ट समोर आला की आधी विचारायचं, आकडा खरा आहे का. मग, मर्यादा खरी आहे का. आणि दोन्हींपैकी काहीही खोटं निघालं तरी शेवटी हेही विचारायचं की यातून एखादी खरी बातमी हाती लागतेय का. हा शेवटचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

आधी आलेख, मग रॅक

अलर्टच्या मेसेजमध्ये एका क्षणाचा आकडा असतो. त्याच्यावरून काही ठरवू नका. त्या सेन्सरचा निदान ७ दिवसांचा आलेख उघडा. महिन्याचा उघडलात तर एक लक्षात ठेवा: बहुतेक साधनं जुना डेटा सरासरी काढून साठवतात, त्यामुळे पंधरा मिनिटांचं टोक महिन्याच्या आलेखात चपटं होऊन जातं. तिथे सरासरीची रेघ न बघता कमाल मूल्याची रेघ बघायची.

आलेखाचा आकारच निम्मं निदान करतो. सगळ्यांत सोपं म्हणजे एकाच नमुन्याचं, म्हणजे दर पाच मिनिटांनी घेतलेल्या आकड्यांपैकी एकाचंच, टोक. ३८, ३८, १२७, ३८. उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक पाच मिनिटांत ८९ अंश चढून पुढच्या पाच मिनिटांत परत खाली येत नाही. शिवाय १२७ हा आकडाच संशयास्पद आहे, कारण चिन्हासहित ८ बिटांत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या. −१२८, २५५, ६५५३५ हे त्याचेच भाऊबंद. सेन्सर सांगतोय ‘माझ्याकडे उत्तर नाही’, आणि आपलं साधन ते तापमान म्हणून छापतंय. असं टोक महिन्यातून एकदा आलं तर सोडून द्या. दिवसातून चारदा येत असेल तर फर्मवेअरच्या (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) ज्ञात दोषांची यादी चाळा, नाहीतर पोलिंगच्या, म्हणजे साधन यंत्राला आकडे विचारतं त्या, वेळी यंत्राचा सीपीयू गुदमरतोय का ते बघा.

दुसरा आकार पायरीचा. कालपर्यंत ३६, आज सकाळी ९ पासून ४३ आणि तिथेच स्थिर. पायरीला नेहमी तारीख-वेळ असते, आणि त्या वेळेला कुणीतरी काहीतरी केलेलं असतं: फर्मवेअर चढवलं, नवं कार्ड घातलं, रॅकमधल्या, म्हणजे यंत्रं बसवायच्या चौकटीतल्या, शेजारच्या खणात गरम हवा फेकणारा सर्व्हर बसवला. कुणीच काही केलं नसेल तर पंखा गेला. बदलांची नोंदवही आणि यंत्राचा लॉग शेजारी-शेजारी ठेवून ती वेळ शोधायची.

उतार हा तिसरा. आठवड्याला अर्धा-एक अंश, इतका हळू की रोज बघणाऱ्याला दिसत नाही. धूळ बसलेला फिल्टर असाच दिसतो. फायबर केबलीत प्रकाश पाठवणारा, म्हातारा होत चाललेला लेझरही असाच दिसतो, फक्त तो तापमानात न दिसता बायस करंटमध्ये, म्हणजे त्याला लागणाऱ्या विजेच्या प्रवाहात, दिसतो.

आणि मग रोजची लाट. आमच्या स्विचचा आकार हाच होता. रोज दुपारी २ नंतर एक टेकाड. मी ते आधीही पाहिलं होतं, पण एक दिवसाच्या आलेखात. सात दिवसांचा उघडला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली: रात्री २ नंतरही तसंच टेकाड होतं. तेवढ्याच उंचीचं, पण रात्री पायाच खाली असल्यामुळे त्याचं टोक ४४ पर्यंत येऊन थांबत होतं. ४७ ची मर्यादा ते ओलांडत नव्हतं, म्हणून अलर्ट फक्त दुपारी. आम्ही मात्र इतके दिवस ‘दुपारचं ऊन’ म्हणत बसलो होतो. रात्री २ ला कसलं ऊन?

आकडा खरा आहे का

खात्री करायची तर दुसऱ्या वाटेने तोच आकडा मिळवायचा. मॉनिटरिंग एसएनएमपीवरून, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरून माहिती विचारायच्या प्रमाण भाषेतून, वाचतंय ना, मग स्विचवर लॉगिन करून त्याच्याच आदेशाने पर्यावरणाची माहिती बघा. सर्व्हर असेल तर बीएमसीच्या (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या त्याच्यातल्याच वेगळ्या चिपच्या) पानावर किंवा आयपीएमआयवरून (त्या चिपशी बोलायच्या प्रमाण पद्धतीने) बघा. दोन वाटांनी वेगळे आकडे आले तर दोष वाटेत आहे, यंत्रात नाही.

वाटेतला नेहमीचा दोष म्हणजे गुणक. एसएनएमपीतून सेन्सर वाचायची एक प्रमाण पद्धत आहे, एन्टिटी सेन्सर मिब (मिब म्हणजे विचारता येणाऱ्या गोष्टींची ठरलेली यादी), २००२ साली आरएफसी ३४३३ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजातून आलेली. तिच्यात सेन्सरचा आकडा एकटा येत नाही. सोबत प्रकार येतो, म्हणजे व्होल्ट, सेल्सिअस, फेरे वगैरे. पट येते, म्हणजे मिली की पूर्ण एकक. आणि दशांश किती तेही येतं. ३३१२ आलं आणि पट मिली असेल तर ते ३.३१२ व्होल्ट. ४८१ आलं आणि एक दशांश असेल तर ते ४८.१ अंश. साधन दशांश विसरलं की पडद्यावर ४८१ अंश सेल्सिअस झळकतं. असं दिसलं तर हसून सोडू नका, कारण तोच गोंधळ व्होल्टेजमध्ये झाला तर आकडा इतका हास्यास्पद दिसेलच असं नाही.

त्याच मिबमध्ये आणखी एक रकाना असतो, सेन्सरच्या स्वतःच्या अवस्थेचा: १ म्हणजे ठीक, २ म्हणजे आत्ता वाचता येत नाही, ३ म्हणजे सेन्सरच बिघडलाय. २ किंवा ३ असताना आकड्याला काही अर्थ नसतो. माझ्या मते तापमानाच्या प्रत्येक नियमात ‘आणि अवस्था १ असेल तरच’ ही अट हवीच. ही एक ओळ घातल्यावर आमच्याकडची अर्धी भुतं पळाली.

दुसरा दोष जास्त चकवा देणारा आहे. सेन्सरची ओळख बऱ्याचदा एका क्रमांकावर टेकलेली असते. यंत्र रीस्टार्ट झालं, फर्मवेअर बदललं किंवा मोड्यूल काढून घातलं की काही यंत्रांत हे क्रमांक सरकतात. मॉनिटरिंगमध्ये नाव जुनं राहतं, आकडा दुसऱ्याच सेन्सरचा येतो. ‘आत येणारी हवा: ७१ अंश’ असा अलर्ट पाहून धावत गेलो आणि खोलीत स्वेटर घालावासा वाटला, असं झालं असेल तर ते हेच. क्रमांकांऐवजी नावं पुन्हा वाचून जुळवा, म्हणजे यंत्राचा शोध (यंत्रात कोणते सेन्सर आहेत ते साधनाने विचारून घेणं) नव्याने चालवा. अपग्रेडच्या कामाच्या यादीत शेवटची पायरी म्हणून हे टाकूनच ठेवा.

मर्यादा कुणी घातली

हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

आयपीएमआय १९९८ साली आलं, आणि त्यात प्रत्येक सेन्सरला सहापर्यंत मर्यादा असू शकतात: वरच्या बाजूला तीन, खालच्या बाजूला तीन, साधा इशारा, गंभीर, आणि सावरता न येण्याजोगी अवस्था. या निर्मात्याने घातलेल्या असतात आणि त्या त्याच बोर्डासाठी असतात. एसएनएमपीत मात्र वर सांगितलेल्या प्रमाण मिबमध्ये मर्यादाच नाहीत. निर्मात्याच्या स्वतःच्या मिबमध्ये त्या असतील तर ठीक. नसतील तर लिब्रेएनएमएससारखी साधनं शोधाच्या वेळी जो आकडा मिळाला त्यावरून अंदाजाने मर्यादा घालतात.

आमचं असंच झालं होतं. स्विच बसवला त्या दिवशी खोली थंड होती, पोर्टांवर मोजून चार केबली होत्या, रीडिंग होतं २७. त्यात २० मिळवून साधनाने ४७ ची मर्यादा घालून टाकली. पुढे त्याच स्विचवर कॅमेरे आणि फोन आले, तो त्यांना केबलमधूनच वीज पुरवू लागला, आणि त्याचं रोजचं तापमान ४० झालं. त्याचा स्वतःचा इशारा होता ६८ वर. म्हणजे ४८ हा त्याच्या दृष्टीने काहीच आकडा नव्हता.

मर्यादा ठरवताना सेन्सर नेमका कुठे बसलाय हे आधी बघा. चिपच्या पोटातला सेन्सर ८० दाखवत असेल तर बऱ्याच यंत्रांत ते नेहमीचंच असतं. आत येणाऱ्या हवेचा सेन्सर ४० दाखवत असेल तर खोलीत काहीतरी बिघडलंय. वातानुकूलन क्षेत्रातल्या ॲश्रे या संस्थेने आत येणाऱ्या हवेसाठी शिफारस केलेला पट्टा १८ ते २७ अंशांचा आहे, आणि तो हवेसाठी आहे, चिपसाठी नाही. हा पट्टा सरसकट सगळ्या सेन्सरवर लावलेला मी पाहिलाय. मग दिवसाला तीनशे अलर्ट येतात आणि दोष ‘मॉनिटरिंगचा’ ठरतो.

मला स्वतःला एकट्या आकड्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेतला फरक जास्त सांगतो. दोन्ही सारखेच वर गेले, फरक तोच राहिला, तर खोली तापलीय. फरक वाढला तर यंत्रातून हवा कमी वाहतेय किंवा त्याच्यावरचा भार वाढलाय. आत येणारी हवाच बाहेर पडणाऱ्या हवेइतकी गरम दिसत असेल तर रॅकमध्ये हवा उलट फिरून पुढे येतेय. रिकाम्या खणांना पट्ट्या लावल्या नाहीत की हे होतं. पोर्टांकडून हवा ओढणारा आणि पोर्टांकडे हवा फेकणारा असे दोन स्विच एकाच रॅकमध्ये बसवले की तर हमखास होतं. त्यावर एसीचं तापमान कमी करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कागदाची पट्टी

आता म्यूटचं फळ. सगळे सेन्सर गप्प केल्यावर काही आठवड्यांनी एक सहकारी त्याच रॅकमध्ये वेगळ्याच कामासाठी, एक केबल बदलायला गेला. तिथून त्याचा फोन आला, ‘हा स्विच जरा गप्प वाटतोय.’ मी गेलो. कागदाच्या तीन बारीक पट्ट्या फाडून स्विचच्या मागच्या तीन जाळ्यांवर चिकटपट्टीने वरच्या टोकाला लावल्या. पहिली फडफडत होती, तिसरी फडफडत होती, मधली सरळ खाली लोंबत होती. मधला पंखा बंद होता. पंख्याच्या फेऱ्यांचा आलेख उघडला तर तो अकरा दिवसांपूर्वी शून्यावर आलेला. दुपारचं टोक ४८ वरून ५६ वर गेलेलं. ६८ अजून दूर होतं, म्हणून स्विच स्वतःही ओरडला नव्हता. पंख्याचा अलर्ट निघाला होता, व्यवस्थित निघाला होता, आणि मी लावलेल्या बोळ्यावर आपटून पडला होता.

पंख्याचा शून्य दरवेळी मेलेला पंखाच असतो असं नाही. रिकामी पंख्याची जागा शून्य दाखवते. फेरे मोजणारी तार सैल असेल तर फिरणारा पंखाही शून्य दाखवतो. तिथे कागदाची पट्टी पैज जिंकते. आणि कमी फेऱ्यांचा अलर्ट फक्त गार रात्री येत असेल तर पंख्यावर संशय घेऊ नका: हवा थंड झाली की नियंत्रकच त्याला हळू करतो. अशा पंख्याला खालची ठरावीक मर्यादा लावणंच चूक. शून्याच्या जवळ, एवढीच मर्यादा पुरे. पंख्याचा ट्रे चालू यंत्रातून काढायचा असेल तर आधी मॅन्युअल वाचा. ट्रे बाहेर राहिला तर काही यंत्रं ठरावीक वेळाने स्वतःला बंद करतात.

वीज आणि प्रकाश

पॉवर सप्लायबद्दल थोडक्यात. दोनपैकी एक ‘फेल’ दिसला की सुटा भाग मागवायच्या आधी केबल दाबून बघा, पीडीयूचा (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीचा) ब्रेकर बघा. दोन वेगळ्या रॅकमधले दोन सप्लाय एकाच मिनिटाला गेले असतील तर सप्लाय निर्दोष आहेत, फीड, म्हणजे त्यांना येणारी वीज, गेलाय. १२ व्होल्टची रेघ साधारण ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ मध्ये असावी; ती हळूहळू उतरत असेल तर बदलायची तयारी ठेवा. सर्व्हरवर ३ व्होल्टच्या आसपासचा एकच आकडा महिनोन्महिने घसरत असेल तर ती बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी. स्वस्तातलं दुखणं, पण ती संपली की घड्याळ जातं आणि मग लॉगमधल्या वेळांवर भरवसा उरत नाही.

ऑप्टिकल मोड्यूलचे (फायबर केबलीसाठी प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या भागाचे) अलर्ट मात्र संख्येने सगळ्यांत जास्त असतात आणि सगळ्यांत कमी समजून घेतले जातात. मोड्यूल पाच गोष्टी सांगतं: स्वतःचं तापमान, व्होल्टेज, लेझरचा बायस करंट, बाहेर पडणारा प्रकाश आणि येणारा प्रकाश. प्रकाश डीबीएममध्ये मोजतात. ० म्हणजे १ मिलीवॅट, आणि दर ३ डीबी उतरले की प्रकाश निम्मा. त्यामुळे ‘−७ वरून −१० झालं, तीनच तर उतरलं’ असं म्हणू नका, निम्मा प्रकाश हरवलाय. −४० म्हणजे व्यवहारात अंधार.

रोज येणाऱ्या −४० च्या अलर्टांतले बरेचसे मुद्दाम बंद ठेवलेल्या पोर्टांचे असतात. पलीकडचा लेझरच बंद, मग प्रकाश येणार कुठून? नियमात ‘पोर्ट चालू ठेवलेला असेल तरच’ ही अट घाला. उरलेल्यांत दोन्ही टोकं एकत्र बघायची. पलीकडचं मोड्यूल नीट प्रकाश पाठवतंय आणि इकडे कमी पोचतोय, तर दोष वाटेत: आधी कनेक्टर साफ करा, मग कुठे केबल करकचून वळलीय का बघा, मोड्यूल शेवटी बदला. आमच्याकडे हा क्रम नेहमी उलटा चालायचा, आणि नव्या मोड्यूलमध्ये तीच मळकी केबल खोचली जायची. बाहेर पडणारा प्रकाश जागच्या जागी पण बायस करंट महिन्यामागून महिना चढतोय, तर लेझर तेवढाच प्रकाश द्यायला जास्त दम लावतोय. तो बदलायची तारीख तुम्ही ठरवा, नाहीतर तो ठरवेल.

नियम दुरुस्त करताना

सीमेवर कुरकुरणाऱ्या आकड्याला, म्हणजे ४५, ४६, ४५, ४६ असं दिवसभर करणाऱ्याला, उतारा एकच: वाजायची आणि मिटायची मर्यादा वेगळी ठेवा. ४५ ला वाजवा, ४२ च्या खाली आल्याशिवाय मिटवू नका. झॅबिक्स या मॉनिटरिंगच्या साधनात यासाठी सावरण्याची अट वेगळी लिहिता येते. नागिओस या दुसऱ्या साधनात कच्ची आणि पक्की अशी अवस्था असते. ठरवलेल्या संख्येइतक्या वेळा तपासून तेच निघालं तरच पक्की होते.

पाच मिनिटांच्या पोलिंगवर तीन नमुने थांबायचं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तापमानाच्या साध्या इशाऱ्याला हे चालतं. थांबलेल्या पंख्याला किंवा गेलेल्या पॉवर सप्लायला चालत नाही, तिथे दुसऱ्या नमुन्यालाच वाजलं पाहिजे. आणि नुसत्या ट्रॅपवर, म्हणजे यंत्राने आपणहून पाठवलेल्या संदेशावर, विसंबू नका. ट्रॅप बहुधा यूडीपीवरून, म्हणजे पोचपावती नसलेल्या पद्धतीने, येतो, हरवला तर कुणाला कळत नाही. ‘बिघडलं’ हा ट्रॅप पोचला आणि ‘सावरलं’ हा हरवला, की अलर्ट जन्मभर लाल राहतो, आणि मग कुणीतरी कंटाळून हाताने बंद करतो. पोलिंग सोबत असेल तर सत्य पाच मिनिटांत परत जागेवर येतं.

सर्व्हरच्या बीएमसीचा घटनांचा लॉग भरलाय का तेही एकदा बघून घ्या. भरला की बऱ्याच यंत्रांत नव्या घटना लिहिल्याच जात नाहीत. त्याचं घड्याळही तपासा. ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालत असेल तर अलर्टची वेळ आणि लॉगची वेळ जुळत नाही आणि तासभर डोकं खाजवण्यात जातं.

म्यूट करायची वेळ येतेच, ती टाळता येत नाही. पण आता आमच्याकडे यंत्र म्यूट होत नाही, एक सेन्सर होतो, आणि तोही शेवटच्या तारखेसह. कारण एका ओळीत लिहावं लागतं. ‘खूप वेळा येतो’ हे कारण चालत नाही. ‘दुसरा सप्लाय मुद्दाम जोडलेला नाही, रिकामी जागा’ हे चालतं.

राहिलं ते २ वाजून १० मिनिटांचं. खोलीत दोन एसी होते, आळीपाळीने चालणारे, आणि त्यांचा टायमर बारा तासांचा होता. दुपारी २ आणि रात्री २. एक बंद व्हायचा, दुसरा सुरू व्हायचा, आणि दुसऱ्याला खोली आवरायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. आता दुसरा २० मिनिटं आधी सुरू होतो. पंखा बदलला, मर्यादा इशाऱ्यासाठी ५५ केली, आणि दुपारचं टोक ४१ वर आलं. आलेखात २ वाजता अजूनही एक बारीकसा उंचवटा दिसतो. तो एके दिवशी दिसला नाही तर टायमर बघायला जायचं, असं तिकिटात लिहून ठेवलंय.